टीव्हीला जोडावयाची पेटी कोणासाठी घ्यावयाची?



हिवाळा तोंडावर आला आणि दुकानांतून सवलतींच्या जाहिराती झळकू लागल्या की ब्रॅम्पटनमधील आपल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. टीव्हीला यंदा कोणती पेटी जोडावयाची? रोकू घ्यावयाची, ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक घ्यावयाची, गुगलचे यंत्र घ्यावयाचे की ॲपलचे? कोणी सांगतो, अमुक प्लाझातील दुकानात एक पेटी मिळते, तिच्यात साऱ्या जगातील वाहिन्या येतात आणि महिन्याचे बिलही येत नाही. जेवणाच्या टेबलाभोवती मुले चित्राच्या स्पष्टतेची चर्चा करतात, वडील किमतीची करतात. ज्या व्यक्तीला त्या टीव्हीसमोर दिवसाचे आठ तास काढावयाचे असतात, तिला मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

ती व्यक्ती म्हणजे घरातील आजी किंवा आजोबा. मुलगा आणि सून कामावर गेली, नातवंडे शाळेत गेली की घर रिकामे होते. बर्फामुळे चार-पाच महिने एकट्याने बाहेर पडणे धोक्याचे. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्रॅम्पटनची लोकसंख्या ६,५६,४८० असून तिच्यातील निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. परंतु दुकानांत आणि बसमध्ये त्यांची जी भाषा कानी पडते ती मुख्यतः पंजाबी. मराठी बोलणारे शेजारी विरळ, आणि आपली बेने इस्राएली घरे तर मोजकीच व एकमेकांपासून दूर. यहुदी वस्ती आणि बहुतेक सिनेगॉग टोरांटोतील बाथर्स्ट स्ट्रीटच्या बाजूला. मोटारीवाचून तेथे जाणे वृद्धांच्या आवाक्यातले नाही. अशा स्थितीत अलिबाग, पनवेल, ठाणे किंवा भायखळा सोडून उतारवयात येथे आलेल्या माणसाच्या कानांवर दिवसभरात मराठी शब्द पडण्याचे साधन बहुतेक एकच उरते, ते म्हणजे टीव्ही.

म्हणून या पेटीची निवड ही केवळ करमणुकीची किरकोळ बाब आहे, असे मला वाटत नाही. माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. घरातील सर्वांत वयस्कर माणूस कोणाच्याही मदतीवाचून जी पेटी चालवू शकेल, तीच घ्यावी. बाकीचे सारे गुण त्यानंतर पाहावेत. या मताची कारणे आता क्रमाने मांडतो.

तीन देश आणि तीन भिंती

आपल्या समाजाला हा प्रश्न अगदीच नवा नाही. आपली कुटुंबे तीन ठिकाणी विभागलेली आहेत. काही महाराष्ट्रातच राहिली. बरीचशी इस्रायलला जाऊन लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे स्थायिक झाली. आणि काही कॅनडात आली. या तीन देशांच्या मध्ये जसे समुद्र आहेत, तशाच चित्रांच्याही भिंती आहेत आणि त्या प्रत्येक पिढीला नव्या रूपात भेटल्या आहेत.

मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यापूर्वी मुंबई सोडलेल्यांपैकी अनेकांनी घरातला टीव्ही प्रथम परदेशातच पाहिला. टोरांटोत १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सी.एफ.एम.टी. ही बहुभाषिक वाहिनी सुरू झाली, जी आज ओम्नी या नावाने ओळखली जाते. पुढे व्हीसीआर आला आणि नातेवाईकांकडून कॅसेटी येऊ लागल्या. तेव्हा पहिली भिंत दिसली. भारतात आणि इस्रायलमध्ये टीव्हीची पाल पद्धत होती, ६२५ रेषांची. कॅनडात अमेरिकेप्रमाणे एनटीएससी पद्धत होती, ५२५ रेषांची. ठाण्याच्या लग्नाची किंवा लोदच्या बार मित्स्वाची कॅसेट येथील साध्या व्हीसीआरमध्ये घातली की पडद्यावर धड चित्र उमटत नसे. ती येथील पद्धतीत उतरवून घेण्यासाठी दुकानदाराला पैसे मोजावे लागत.

डीव्हीडी आली तेव्हा वाटले, आता ही अडचण सरली. परंतु चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले. भारताचा विभाग पाचवा, इस्रायलचा दुसरा, कॅनडाचा पहिला. एका विभागासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या विभागातील यंत्र नाकारू लागले. पहिली भिंत तंत्राची होती. ही दुसरी व्यापाऱ्यांनी समजून-उमजून बांधलेली होती.

आज तबकडीही गेली. दूरच्या संगणकावर साठविलेल्या चित्रपटाचे लहान लहान तुकडे इंटरनेटवरून आपल्या घरी येतात. टीव्हीला जोडलेली पेटी ते क्रमाने जुळवून पडद्यावर मांडते. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. नेटफ्लिक्सने अमेरिकेबाहेर पहिले पाऊल टाकले ते कॅनडातच, सप्टेंबर २०१० मध्ये. परंतु भिंत येथेही आहे. चित्रपटाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. म्हणून ठाण्याच्या भाच्याला त्याच्या खात्यावर दिसणारा मराठी चित्रपट ब्रॅम्पटनमध्ये त्याच नावाच्या सेवेवर दिसेलच असे नाही. शिवाय एका घराचे खाते दुसऱ्या घरी वापरण्यावर नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२३ पासून कॅनडात निर्बंध घातले. तेव्हा भाच्याचा पासवर्ड मागून काम भागविण्याचा मार्गही अरुंद झाला आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की त्यातून एक उपयुक्त गोष्ट कळते. भिंत आहे ती कराराची, पेटीची नव्हे. कॅनडात ज्या सेवेवर जो कार्यक्रम उपलब्ध आहे, तो ती सेवा चालविणाऱ्या स्वस्त पेटीवर दिसतो तसाच महागड्या पेटीवरही दिसतो. अधिक पैसे मोजले म्हणून अधिक मराठी मिळते, ही समजूत चुकीची आहे. मराठीचा सर्वांत मोठा साठा आज यूट्यूबवर आहे. जुने चित्रपट, नाटके, कीर्तने, मुलाखती, सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रम तेथे विनामूल्य सापडतात आणि वर उल्लेखिलेल्या चारही पेट्यांवर यूट्यूब चालते. म्हणजे आशयाच्या बाबतीत चौघीही जवळजवळ सारख्याच. फरक आहे तो हाताळणीत. आणि हाताळणीचा विचार आला की तो ज्याच्या हाताने व्हावयाचा त्याचाच झाला पाहिजे.

रिमोट आजींच्या हाती द्यावा

निरनिराळ्या पेट्यांविषयी थोडे तपशीलवार सांगणे आवश्यक आहे. रोकूचे पहिले यंत्र २००८ साली निघाले. तिचा मुख्य पडदा साधा आहे. चौकोनी चित्रे ओळीने मांडलेली असतात, ती आपण ठेवू त्या क्रमाने राहतात. वृद्धांना हे स्थैर्य फार उपयोगाचे. रिमोटवर बटणे थोडी. मात्र तिच्या काही स्वस्त प्रकारांचा रिमोट थेट पेटीकडे रोखून धरावा लागतो. पेटी टीव्हीच्या मागे दडविली तर तो चालत नाही. फायर टीव्ही स्टिक स्वस्त व चपळ आहे, परंतु तिच्या पहिल्या पडद्यावर जाहिराती व शिफारशी मोठ्या आकारात येतात आणि वारंवार बदलतात. काल जेथे यूट्यूब होते तेथे आज काही निराळेच दिसले तर ऐंशी वर्षांचे डोळे गोंधळतात.

गुगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट काढले, तेव्हा त्याला रिमोटच नव्हता. सारा कारभार मोबाइल फोनवरून चाले. पुढे रिमोट आला, आणि २०२४ मध्ये क्रोमकास्टचे उत्पादन थांबवून गुगलने टीव्ही स्ट्रीमर नावाची पेटी बाजारात आणली. जुनी क्रोमकास्ट आजही काही घरांत आहे. ती तरुणांपुरती ठीक, वृद्धांसाठी नव्हे. ॲपलची पेटी महाग असते, पण तिचा पडदा स्वच्छ आहे. तिच्या रिमोटवरचा गुळगुळीत भाग बोट नुसते घासले तरी चित्र सरकवितो. संधिवाताने ताठरलेल्या बोटांना हे त्रासाचे. सेटिंग्जमध्ये जाऊन तो स्पर्श बंद करता येतो व केवळ दाबण्याने काम होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र ज्या घरी आयफोन आहे, त्या घरी ॲपलच्या ४के पेटीवर २०२३ पासून फेसटाइमचा व्हिडिओ कॉल टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर घेता येतो. लोदमधल्या बहिणीचा चेहरा तळहाताएवढ्या काचेवर पाहणे आणि भिंतभर पाहणे यांत किती अंतर आहे, ते ज्याला मोतीबिंदू आहे त्यालाच विचारावे.

पुष्कळ रिमोटांवर दोन-चार रंगीत बटणे विशिष्ट कंपन्यांच्या नावांची असतात. ती त्या कंपन्यांची जाहिरात आहे. आपण ज्या सेवेचे वर्गणीदार नाही, तिचेही बटण असते आणि आजींचे बोट नेमके त्यावरच पडते. मग पडद्यावर इंग्रजीत पैसे भरण्याची सूचना येते व घाबरून टीव्ही बंद केला जातो. अशा बटणावर कापडी चिकटपट्टी लावावी, हा माझा साधा सल्ला आहे. त्याचप्रमाणे खरेदीसाठी गुप्त क्रमांक लावून ठेवावा, म्हणजे चुकून दाबलेल्या बटणाचे बिल येत नाही आणि त्यावरून घरात शब्दाला शब्दही लागत नाही.

आता परीक्षेची रीत सांगतो. पेटी आणल्यावर रिमोट आजी-आजोबांच्या हाती द्यावा आणि आपण हात मागे घ्यावेत. त्यांनी तीन कामे करून दाखवावीत: टीव्ही सुरू करणे, आपला आवडता कार्यक्रम लावणे, आणि वाट चुकल्यास घराचे चित्र असलेले बटण दाबून पहिल्या पडद्यावर परत येणे. आवाजाने शोधण्याची सोय असल्यास ती मराठीत बोलून पाहावी. इंग्रजीत उत्तम चालणारी सोय मराठी नावांपाशी पुष्कळदा अडखळते. आठवडाभरात ही तीन कामे जमली नाहीत तर दुकानाच्या परतीच्या मुदतीत ती पेटी परत करून दुसरी आणावी. यात संकोच कसला? बूट पायाला होत नसेल तर आपण तो बदलून आणतोच ना?

येथे कोणी म्हणेल, एवढे कशाला, संध्याकाळी आम्ही घरी असतो, लावून देतो. हीच वृत्ती मला चिंतेची वाटते. आपली वडील माणसे स्वाभिमानी आहेत. ज्यांनी मुंबईत रेल्वेत, गोदीत, इस्पितळांत, शाळांत आयुष्यभर जबाबदारीची कामे केली, त्यांना टीव्ही लावण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते. पहिल्यांदा ती हाक मारतात. दुसऱ्यांदा नातू "थांबा हं, येतो" म्हणतो. तिसऱ्यांदा हाक येत नाही. मग आपण समजतो, आईला आता टीव्हीची आवड राहिली नाही. वस्तुतः आवड राहिलेली असते. मागण्याचे धैर्य संपलेले असते.

प्लाझातील पेटी

आता त्या बिनबिलाच्या पेटीविषयी. शंभर-दोनशे डॉलर एकदा भरावे आणि हजारो वाहिन्या पाहाव्या, असा तिचा लौकिक आहे. तीत मराठी वाहिन्याही असतात, म्हणून आपल्या लोकांना तिचे आकर्षण अधिक. तिचे अंतरंग समजून घेतले पाहिजे. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारी पेटी विकणे बेकायदेशीर नाही. मात्र इतरांच्या वाहिन्या व चित्रपट परवानगीवाचून दाखविणारी ॲप्स आधीच भरून ती विकणे हा निराळा प्रकार आहे. जून २०१६ मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टाने बेल, रॉजर्स, व्हिडिओट्रॉन आदी कंपन्यांच्या अर्जावरून अशा आधीच भरलेल्या पेट्यांच्या विक्रेत्यांना अंतरिम मनाई केली आणि २०१७ मध्ये अपील कोर्टाने ती कायम ठेवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच फेडरल कोर्टाने गोल्डटीव्ही या सेवेची संकेतस्थळे बंद पाडण्याचा आदेश इंटरनेट कंपन्यांना दिला. याचा व्यावहारिक अर्थ असा की अशी पेटी आज चालते आणि उद्या मुकी होते. पैसे मागावयास जावे तर विक्रेता हात वर करतो.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका कॅनडियन तज्ज्ञाने टी९५ नावाची एक स्वस्त अँड्रॉइड पेटी विकत घेऊन तपासली, तेव्हा तिच्यात कारखान्यातून येतानाच घातक प्रोग्राम भरलेला आढळला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने बॅडबॉक्स २.० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. जुलै २०२५ मध्ये गुगलने त्या जाळ्याच्या चालकांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, आणि त्यात बाधित यंत्रांची संख्या एक कोटीहून अधिक सांगितली. ही यंत्रे मालकाच्या नकळत त्याच्या घरचे इंटरनेट परक्या लोकांना वापरू देतात. ज्या वाय-फायवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच वाय-फायवर असा पाहुणा बसवावा काय? स्वस्त पेटी घेताना ती गुगलची अधिकृत मान्यता असलेली आहे की नाही, आणि सुरू करताना ती सुरक्षेची सोय बंद करावयास सांगते की काय, एवढे तरी पाहावे. तसे सांगत असेल तर ती तेथेच ठेवावी.

शेवटी नीतीचाही प्रश्न आहे. "चोरी करू नको" ही आज्ञा वस्तू डोळ्यांना दिसत नसली म्हणून शिथिल होत नाही. आणि हा विषय आपल्याला परका नाही. पडद्यावर पोट भरणारी माणसे आपल्यातूनही निघाली. ठाण्यात जन्मलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ज्यांना सारा हिंदुस्थान नुसत्या डेव्हिड या नावाने ओळखीत असे, 'बूट पॉलिश' (१९५४) मधील जॉन चाचा म्हणून घराघरांत पोहोचले; १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; 'गोलमाल' (१९७९) मध्येही ते आहेत. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कॅनडात काढली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी टोरांटोतच त्यांचे निधन झाले. अशा कलावंतांचा मोबदला बुडवून त्यांचेच चित्रपट पाहावेत, हे आपल्याला शोभत नाही. कायदेशीर मार्गाने विनामूल्य पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. यूट्यूबचा उल्लेख वर आलाच आहे, त्याशिवाय सी.बी.सी.ची जेम ही सेवा जाहिरातींसह फुकट आहे आणि कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कितीतरी चित्रपट विनाशुल्क पाहता येतात.

बेसमेंटपर्यंत पोहोचणारे इंटरनेट

पुष्कळ घरांत वडील माणसांची खोली बेसमेंटमध्ये असते आणि राउटर वरच्या मजल्यावर. मग चित्र अडखळू लागले की दोष पेटीला दिला जातो. वास्तविक नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार उत्तम १०८०पी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट वेग पुरतो व ४के चित्राला १५ मेगाबिट लागतो. ब्रॅम्पटनमधील सर्वसाधारण योजना याच्या कितीतरी पट वेग देतात. कमी पडतो तो राउटरपासून पेटीपर्यंतचा मार्ग. वाय-फायचे ५ गिगाहर्ट्झचे जाळे वेगवान, पण भिंती व जमिनी ओलांडताना क्षीण होते; २.४ गिगाहर्ट्झचे मंद, पण लांब जाते. बेसमेंटमधील पेटीला प्रथम दुसरे जाळे जोडून पाहावे. त्यानेही भागत नसेल तर राउटरपासून केबल खाली न्यावी, आणि त्यासाठी केबलची खाच असलेली पेटी घ्यावी. इंटरनेटची महागडी योजना घेण्यापूर्वी हा एक उपाय अवश्य करावा.

टीव्ही स्मार्ट असेल तर पेटी हवीच कशाला, असेही विचारले जाते. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे टिकतो. त्यातील ॲप्स तितकी टिकत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर चालेनासे झाले. असे झाले की नवा टीव्ही घेण्याऐवजी सुमारे पन्नास डॉलरांची स्टिक व तिच्यावर १३ टक्के एच.एस.टी. एवढ्यात काम होते. टीव्ही ठीक असेल आणि आजींना तोच अंगवळणी पडला असेल, तर नवी पेटी घेऊच नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. सवय ही वृद्धांची मोठी ठेव आहे. ती कारणावाचून मोडू नये.

आणखी एक लहान सूचना. ज्या घरी शब्बाथ पाळला जातो, तेथे शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी पेटीची वायर काढून ठेवावी. या यंत्रांना आपोआप जागे होण्याची खोड असते. वरच्या खोलीत नातवाने फोनवर चुकीचे चित्र दाबले की खालचा टीव्ही बोलू लागतो.

आपली स्वतःची चित्रे

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. पेटी निवडताना ती आपली स्वतःची चित्रे दाखवू शकते काय, हे अवश्य पाहावे. आपल्या कपाटांतून अजून व्हीएचएस कॅसेटी आहेत: मलिद्याचे कार्यक्रम, मेंदीची गाणी, एखाद्या आत्याने म्हटलेली जुनी पदे, नवगावच्या दफनभूमीला दिलेली भेट, मराठी कीर्तन. आपल्या समाजात मराठी कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी सुरू केली. ती आज किती कंठांत उरली आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजावे. त्या कॅसेटींची चुंबकीय फीत काळाबरोबर झिजते, आणि व्हीएचएसची यंत्रे बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. घरात चालू स्थितीत असलेला व्हीसीआर बिघडला तर दुसरा नवा मिळणार नाही.

जतन न केलेली वस्तू कशी जाते, याचे उदाहरण आपल्या समाजाशी निगडित आहे. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. ज्या नाटकावरून तो घेतला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर या आपल्याच बेने इस्राएली लेखकाचे. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाची ही गत, तर आपल्या आत्याच्या पदांची कोण काळजी घेणार?

म्हणून त्या कॅसेटी या वर्षीच संगणकावर उतरवून घ्याव्यात. पाल पद्धतीच्या कॅसेटी देताना दुकानदाराला तसे आधी सांगावे, म्हणजे तो योग्य यंत्र वापरील. उतरविलेली चित्रे एका ड्राइव्हवर ठेवून टीव्हीच्या यूएसबी खाचेत जोडता येतात; सगळ्याच स्टिकांना अशी खाच नसते, ते विकत घेण्यापूर्वी पाहावे. घरातील तरुणांना थोडी गती असेल तर प्लेक्ससारख्या प्रोग्रामने घरच्या संगणकावरील चित्रे कोणत्याही खोलीतील टीव्हीवर आणता येतात. किंवा ती यूट्यूबवर अशा रीतीने ठेवता येतात की केवळ दुवा दिलेल्यांनाच दिसावीत. मग एकच मलिदा ब्रॅम्पटनमध्ये, ठाण्यात आणि लोदमध्ये पाहता येतो. पाल नाही, विभाग नाही, देशागणिक हक्क नाहीत. तिन्ही भिंती जिच्यापुढे निरुपयोगी ठरतात, अशी चित्रांची एकच पेढी आपल्यापाशी आहे, आणि ती आपणच रेकॉर्ड केलेली आहे. मात्र त्या चित्रांत जी माणसे आहेत त्यांची अनुमती घेऊनच हे करावे.

सारांश, पेटी पन्नास डॉलरांची असो वा पावणेदोनशेंची, तिची परीक्षा चार प्रश्नांनी करावी. आजी ती एकट्याने लावू शकतात काय? ती उजळ माथ्याने विकत घेतलेली आहे काय? त्यांच्या खोलीपर्यंत इंटरनेट नीट पोहोचते काय? आणि आपल्या घरची चित्रे तिच्यावर दिसतात काय? चारही उत्तरे होकारार्थी आली तर कंपनीचे नाव कोणतेही असो.

तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. पेटी जोडून दिल्यावर उठून जाऊ नका. यूट्यूबवर आजींच्या नावाने एक यादी करा, तीत त्यांची वीस-पंचवीस गाणी, नाटके व कीर्तने भरा; ही यादी कामावरून, आपल्या फोनवरूनही वाढविता येते. तीन कामांची माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत, शाईने लिहून टीव्हीजवळ चिकटवा. मग त्यांच्याजवळ बसून एक कार्यक्रम शेवटपर्यंत पाहा आणि त्यात कोण कोण आहे ते त्यांना विचारा. जी नावे व ज्या गोष्टी त्या सांगतील, त्या कोणत्याही सेवेवर, कोणत्याही वर्गणीत मिळत नाहीत.